प्रार्थनेचा विषय

सुमती आमच्या घरी आली ती करमाडची विहीर आटली म्हणून, आणि गेली ती माझ्यामुळं. मधल्या तीन वर्षांबद्दल मी आजवर कुणापाशी पुरतं तोंड उघडलेलं नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही, आणि तो बिचारा खोदून विचारणाऱ्यांतला नव्हताच. वय झालं की लाज सुटते म्हणतात. माझी काही सुटलेली नाही. पण हात चालतोय तोवर लिहून ठेवलेलं बरं, उगाच वर गेल्यावर पहिल्यांदा सांगायची वेळ नको.

माझे वडील, अण्णा, औरंगाबादच्या छावणीतल्या मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि आमच्या मंडळीचे पंच. मंडळी म्हणजे आमचं चर्च आणि त्यातली आमची माणसं; पंच म्हणजे पाळकसाहेबांच्या बरोबरीनं तिचा कारभार पाहणारे पाचसात वडीलधारे. अण्णांच्या शब्दाला तिथं वजन, आणि घरात तर विचारूच नका. घरी आई, अण्णांची विधवा बहीण आत्याबाई आणि मी, एकुलती एक. एकुलतं पोर लाडावतं म्हणतात. मी लाडावले नव्हते, पण वाटून घ्यायची सवय मला कधी लागलीच नाही. भाकरीचा पापुद्रा माझा, खिडकीजवळची जागा माझी, अण्णांच्या सायकलचा दांडा माझा. सुमतीचे वडील हे अण्णांचे बोर्डिंगातले सोबती, करमाडला त्यांची थोडी कोरडवाहू जमीन. पाऊस दुसऱ्या वर्षीही दडी मारून बसला तेव्हा त्यांनी पोरीला आणून आमच्या दारात उभं केलं आणि म्हणाले, "मास्तर, तिथं पाणीबी नाय आन् शाळाबी नाय. तुमच्या एस्तरसंगं ऱ्हाऊ द्या हिला." एस्तर म्हणजे मी. पोरगी माझ्याच वयाची, सोळा-सतराची, उंच, पायांत चप्पल नाही, टाचांना भेगा. मला आधी रागच आला. आठ दिवसांत अशी गत झाली की तिच्यावाचून माझा घास उतरेना.

ती वर्षं आठवायची म्हटली की आधी वास येतो तो मिलोचा. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला मिलो म्हणायचे. तिची भाकरी थापायला घेतली की कडेनं चिरा पडायच्या आणि तव्यावर जाईपर्यंत तिचे चार तुकडे. आई रडकुंडीला यायची. सुमतीला मात्र ती साधली होती. उकळत्या पाण्यात पीठ मळायचं, झाकून ठेवायचं, मग जीभ दातांत धरून हलक्या हातानं थापायची. तिच्यासोबत येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ. पाण्यात कालवून उकळलं की आमटी तयार. भाजी बघायला मिळत नव्हती त्या दिवसांत आमचं घर येसरावर तरलं. पाण्यासाठी आम्ही दोघी टँकरच्या रांगेत उभ्या राहायचो, घागरी पुढं सरकवत. शेजारच्या मोहल्ल्यातली खाला सुमतीची उंची बघून म्हणायची, "ऐ लंबू, तेरा हात पहुंचता, मेरा बी हंडा भर दे." ती सगळ्यांचे भरून द्यायची आणि मी चिडायची. चिकलठाण्याच्या अंगाला तेव्हा कारखाने उठत होते. ज्या वावरांत जोंधळा यायचा तिथं फक्कीच्या रेघा मारलेल्या दिसायच्या, आणि सकाळी भोंगा झाला की नव्या कोऱ्या सायकलींवरून माणसं डबे लटकवून निघायची. एकीकडं खेडी सुकत होती आणि दुसरीकडं शहर फुगत होतं. आम्ही मधोमध, रिकामी घागर घेऊन.

संध्याकाळी सातला कुटुंबप्रार्थना. कंदील मध्ये ठेवायचा, अण्णा अध्याय वाचायचे, प्रत्येकानं एक वचन पाठ म्हणायचं, मग गुडघ्यांवर. नेमक्या त्याच वेळी पलीकडच्या घरातला रेडिओ सिनेमाची गाणी लावायचा. अण्णा त्यापेक्षा मोठ्यानं वाचायचे. सिनेमा नाही, सिनेमाची गाणी नाहीत, बिनबाह्यांचं पोलकं नाही, केसांना कात्री नाही, असं आमचं घर. शहरात बेलबॉटम आली होती, पोरं कानावर केस ठेवू लागली होती. अण्णा म्हणायचे, "जग बदलतंय म्हणून आपण बदलायचं नसतं. आपण कोण आहोत ते आपल्याला बाप्तिस्म्याच्या दिवशी सांगितलेलं आहे." प्रार्थना चालू असताना सुमतीच्या पायाचा अंगठा रेडिओच्या ठेक्यावर हलायचा. ते फक्त मला दिसायचं आणि मला त्याचा केवढा आनंद व्हायचा. उकाड्यात आम्ही अंगणात एकाच बाजेवर झोपायचो. ती माझ्या केसांना तेल लावायची, मी तिच्या टाचांच्या भेगांत मेण भरायची. मी तिच्या अंगावर पाय टाकून झोपायची. त्यात कुणाला काही दिसलं नाही. मलाही नाही.

इथं थोडं थांबते. माझ्या नवऱ्याच्या भाचीची मुलगी निशा शेंद्र्याला एका कंपनीत आहे आणि पुंडलिकनगरात माझ्याजवळ राहते. हुशार आहे, तोंडाची फटकळ आहे, माझ्यासारखीच आहे. तिचं म्हणणं, "आजी, माणसानं आपली ओळख आपण ठरवायची." मी तिला म्हणते, बाई गं, ओळख म्हणजे काय दुकानातली ओढणी आहे, आज ही उद्या ती? आमच्या वेळेला ती आम्हाला दिली गेली आणि आम्ही ती सांभाळली. ती म्हणते, सांभाळली का घुसमटलात? अशी आमची रोज चहाबरोबर जुंपते. शहराचं नाव बदललं तेव्हाही जुंपली होती. मी अजून औरंगाबादच म्हणते, जीभ वळत नाही. लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक बाई, देवापुढं, मरेपर्यंत, हे मी तेव्हा मानत होते आणि आजही मानते. निशा चिडते. चिडू दे. मी मत बदललं म्हणून हे लिहायला बसलेय असं कुणी समजू नये. आणि खरं सांगायचं तर निशाचासुद्धा मला हेवा वाटतो. तिच्या मैत्रिणी येतात, एकमेकींच्या गळ्यात हात टाकून वाट्टेल ते बोलतात, आणि मी आतल्या खोलीत चडफडत बसते.

तर सुमती मॅट्रिक झाली आणि मिशनच्या दवाखान्यात नर्सिंगला लागली. मी गणितात गटांगळी खाल्ली आणि घरी राहिले, शब्बाथशाळेतल्या, म्हणजे रविवारच्या बायबलवर्गातल्या, पोरांना गोष्टी सांगायला. दुष्काळात दवाखाना भरून वाहत होता, हगवणीचे रोगी व्हरांड्यात झोपवलेले. शिकाऊ नर्सेसना खोल्या पुरेनात, म्हणून सुमतीला ग्रेस सिस्टरच्या क्वार्टरमध्ये टाकलं. ग्रेस जालन्याची, तिशीच्या आतबाहेरची. मानेपर्यंत कापलेले केस, मनगटावर चामड्याच्या पट्ट्याचं पुरुषी घड्याळ, पांढऱ्या साडीत सायकल मारायची, आणि उपासनेत तिचा आवाज पुरुषांच्या बाजूला ऐकू जायचा. आत्याबाई म्हणायच्या, "बाई हाय का शिपाई?" मी हसायची. पण सुमती रविवारी घरी आली की तोंडात एकच नाव. ग्रेस असं म्हणते, ग्रेसला तसं आवडत नाही, ग्रेसनं मला इंजेक्शन द्यायला शिकवलं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एका रविवारी दोघी उपासनेनंतर घरी आल्या, येताना सायकलच्या कॅरिअरला बांधून नान-खलिया, म्हणजे तंदूरची रोटी आणि मटणाचा रस्सा, आणलेला. दुष्काळात एवढी चैन! अण्णांनीसुद्धा नाही म्हटलं नाही. आमच्या घरी कधीमधी मटण झालं तर सुमती तिच्या ताटातली नळी उचलून माझ्या ताटात टाकायची. मला आतला मगज आवडतो म्हणून. बोलायची नाही, नुसती टाकायची. त्या दिवशी तिनं नळी उचलली आणि ग्रेसच्या ताटात टाकली. ग्रेसनं वरही न बघता ती घेतली, सवयीची असल्यासारखी. कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझा घास तोंडात फिरत राहिला. हसाल तुम्ही. एका हाडकावरून माणूस एवढं जळतं का? जळतं. मी जळले.

त्याच सुमारास अण्णांनी सुमतीसाठी एक स्थळ पाहिलं. चिकलठाण्याच्या कारखान्यात फिटर, मंडळीतलाच, निर्व्यसनी मुलगा. हे तिला सांगायचं काम माझ्याकडं आलं. मी आनंदानं गेले, कारण लग्न ठरलं तर ती ग्रेसच्या खोलीतून सुटणार होती. येसराचा डबा घेऊन दुपारची क्वार्टरवर पोचले. दार लोटलेलं होतं. सुमती रात्रपाळी करून आलेली, जमिनीवर सतरंजीवर झोपलेली, डोकं ग्रेसच्या मांडीवर. ग्रेस भिंतीला टेकून बसली होती, एक हात सुमतीच्या केसांत, दुसऱ्या हातानं वर्तमानपत्राचा वारा घालत होती आणि बारीक आवाजात आमचंच एक गीत गुणगुणत होती. सुमतीचे केस खांद्यापर्यंत कापलेले. मला बघून ग्रेसनं ओठांवर बोट ठेवलं, गप्प म्हणून. मला. तिला उठवू नको असं मला सांगायचं म्हणजे! मी डबा आपटला तशी सुमती जागी झाली.

ग्रेस चहाला दूध आणायला गेली. मी स्थळाचं सांगितलं. सुमती केस मागं सारत म्हणाली, "एस्तर, अण्णांना सांग, माझ्यासाठी मुलगा बघू नका. मला लग्न नाय करायचं."

"आत्ता नको, का कधीच नको?"

"कधीच."

"का गं?"

तिनं डबा जवळ ओढला. मग म्हणाली, "मी त्यातली नाय. मला आधी वाटायचं, माझ्यातच काय तरी कमी आहे. आता नाय वाटत. ग्रेसजवळ असले की मी कोण ते मला समजतं."

"माझ्याजवळ समजत नव्हतं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच चिरका वाटला.

ती हसली. कुचकं नव्हे, मायेनंच. म्हणाली, "तुझ्याजवळ मी तुझी सुमती होते." आणि डब्याचं झाकण उघडून येसराचा वास घेतला. मी चहा न घेता निघाले. रस्ताभर एकच गोष्ट डोक्यात घण घालत होती. तिनं लग्न नाकारलं याचं मला काहीच वाटलं नव्हतं. ती माझ्याजवळ राहण्यासाठी लग्न नाकारती तर मी नाचले असते. तिनं माझ्यासाठी नाही, त्या घड्याळवाल्या बाईसाठी नाकारलं, हे माझ्या पोटात दुखत होतं.

आता मंगळवारच्या सभेचं सांगते. दर मंगळवारी तिसऱ्या प्रहरी आमच्या मंडळीतल्या बायकांची प्रार्थनासभा आमच्या घरी भरायची, आत्याबाई चालवायच्या. सतरंजीवर पंधरावीस बायका. आधी गीत, मग वाचन, मग प्रत्येकीनं आपापले प्रार्थनेचे विषय सांगायचे आणि मग सगळ्यांनी मिळून त्यांसाठी प्रार्थना करायची. पाऊस हा पहिला विषय, मग टँकर, कुणाच्या नवऱ्याची दारू, कुणाच्या सुनेची कूस. आमच्या लोकांत चहाडीला जागा नाही, चहाडी पाप आहे. पण प्रार्थनेचा विषय म्हणून काहीही सांगता येतं. डोळे मिटायचे, आवाज खाली आणायचा, "माझ्या एका बहिणीसाठी" असं म्हणायचं, की झालं. जे पाणवठ्यावर बोललं तर थोबाडीत बसेल ते इथं बोललं तर लोक "आमेन" म्हणतात. बाहेरच्याला हे कळायचं नाही. आमच्यातल्या प्रत्येक बाईला कळतं.

मी डोळे मिटले आणि म्हणाले, "माझ्या एका बहिणीसाठी प्रार्थना करा. ती दवाखान्यात आहे. ती एका बाईच्या नादी लागलीय. केस कापले, लग्न नको म्हणते. त्या दोघी एकमेकींबरोबर जशा राहतात तसं राहू नये असं बायबलातल्या पत्रांमधल्या एका अध्यायात स्पष्ट लिहिलंय. तो कोणता ते तुम्हाला माहीत आहे. प्रभूनं तिला परत आणावं." नाव घेतलं नाही. मी किती सभ्य! बाहेर हापशाचा दांडा करकरत होता. मग आत्याबाईंनी प्रार्थना सुरू केली. त्या अडाणी होत्या, पण प्रार्थना करायच्या ती पोटातून. त्या रडल्या. "बापा, आमचं लेकरू हाय रं ते, पदराखाली घे," म्हणाल्या. बाकीच्या बायकाही रडल्या. मी डोळे किलकिले करून कोण कोण रडतंय ते पाहत होते. आणि माझ्या मनात गारवा पसरला. नळीवाल्या रविवारपासून पहिल्यांदा मला बरं वाटलं.

चहा होताना एकीनं विचारलंच, "कोण गं, आपली सुमती का?" मी म्हणाले, "मी नाव घेणार नाही." यापेक्षा मोठ्यानं नाव घेता येत नाही. शुक्रवारपर्यंत ते पाळकसाहेबांकडं पोचलं, शनिवारी पंचांकडं.

अण्णा शनिवारी घरी आले ते चप्पल न काढताच माझ्यासमोर उभे राहिले. आमच्या घरी चप्पल घालून कुणी आत येत नसे. "एस्तर, तू काय पाहिलंस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं: मांडी, केस, वारा, गीत.

"आणखी?"

"आणखी काही नाही. पण ती स्वतः म्हणाली, अण्णा, की ग्रेसजवळ..."

"तिनं तुला मैत्रीण म्हणून सांगितलं." अण्णांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "शास्त्र काय सांगतं ते मला तुझ्याकडून शिकायचं नाही. जे चूक आहे ते चूक आहे, आजही, उद्याही. पण साक्षीला दोघं-तिघं लागतात, आणि साक्षीदाराच्या मनात काय आहे तेही देव बघतो. मांडीवर डोकं ठेवलं म्हणतेस. तुम्ही दोघी एका बाजेवर झोपत होता."

"ते वेगळं," मी म्हणाले.

"काय वेगळं?"

उत्तर माझ्याकडं होतं. तेव्हा ती माझी होती, एवढंच ते वेगळं. हे बापाला कसं सांगणार? मी मान खाली घालून रडायला लागले आणि अण्णांना वाटलं, मला पस्तावा झाला. ते चप्पल काढायला बाहेर गेले.

पंचांनी सुमतीला बोलावलं. काय झालं ते अण्णांनी त्या संध्याकाळी कंदिलासमोर बसून आम्हाला सांगितलं. ती एकटी आली, ताठ उभी राहिली. पाळकसाहेबांनी विचारलं, पश्चात्ताप करतेस का? ती म्हणाली, कशाचा ते सांगा, मग करते. तिथं जमलेल्या सात म्हाताऱ्यांपैकी कुणालाच ते तोंडानं म्हणता येईना. शेवटी तीच म्हणाली, "मी लग्न करणार नाय. ग्रेसला सोडून राहणार नाय. बाकीचं देवाला ठाऊक." मग ठरलं, दोघी वेगळ्या राहायला लागेपर्यंत दोघींना प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला नाही. आमच्याकडं याहून मोठी शिक्षा नसते. कुणी मारत नाही, वाळीत टाकत नाही, पण ज्या भाकरीनं आपण सगळे एक आहोत असं म्हणतो ती तिला द्यायची नाही. "मीही हात वर केला," अण्णा म्हणाले. "एस्तरच्या सांगण्यावरून नव्हे. तिच्या तोंडून ऐकलं म्हणून. मला दुसरं करता येत नव्हतं." त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. आईनं झाकून ठेवलेली भाकर सकाळी कडक झाली होती.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. द्राक्षरस आमच्याच घरी व्हायचा. आई मनुका उकळून, फडक्यातून पिळून तो करायची, आणि त्या महिन्यात त्याला लागणारं पाणीसुद्धा आम्ही पिण्यातलं वाचवलं होतं. त्या गडबडीत मला उशीर झाला. बायकांच्या बाजूला पुढं जागा नव्हती, शेवटच्या रांगेत होती, दाराजवळ, सुमती आणि ग्रेसच्या शेजारी. मी बसले. आमची शिकवण अशी की कुणाशी काही बिनसलेलं असेल तर आधी उठून जा, मिटव, मग प्रभुभोजनाच्या मेजाकडं ये. नाहीतर ती भाकर खाणं म्हणजे स्वतःवर दंड ओढवून घेणं. हे मी शब्बाथशाळेत पोरांना शिकवत होते. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मला नुसतं "सुमती" म्हणायचं होतं. रांग उठली. मला पुढं जायला वाट नव्हती, तेव्हा सुमतीनं आपले पाय जवळ ओढून घेतले आणि साडी गोळा करून मला जागा करून दिली. मी गेले. गुडघे टेकले, भाकर घेतली, प्याला घेतला. परत येताना तिनं पुन्हा पाय ओढून घेतले.

निशाला मी यातलं एकदा थोडं सांगितलं होतं, नाव न घेता. ती म्हणाली, "बघ, म्हणजे तुमचा धर्मच चूक होता." मी तिला म्हणाले, तू सोपं करतेस. धर्मानं मला चहाडी करायला सांगितलं नव्हतं. त्यानं तर ती करू नको म्हणून सांगितलं होतं. अण्णांनी हात वर केला तेव्हा त्यांचा जीव तुटत होता आणि तरी त्यांनी तो केला, कारण ते मानत होते. मी मानत होते का, हा प्रश्नच नाही. मला नळी पाहिजे होती. खऱ्या गोष्टीनंही माणसाला खोटेपणानं मारता येतं, आणि मी ते केलं. निशा म्हणाली, ज्याला लागलं त्याला काय फरक पडतो? मी तिला दूध तापवायला पाठवलं. हो, आणि तो फिटर. सहा महिन्यांनी त्याच्याशी माझं लग्न झालं. सुमतीनं नको म्हटलेलं माझ्या पदरात पडलं, आणि चांगलं पडलं. चाळीस वर्षं त्यानं मला शब्दानं दुखवलं नाही.

दोघींनी वऱ्हाडातल्या एका दवाखान्यात नोकरी धरली. निघायच्या दिवशी सुमती दुपारी घरी आली. अण्णा शाळेत होते. आईनं तिला बसवलं, भाकरी वाढली, पाठीवरून हात फिरवत राहिली. आत्याबाई तिला आतल्या खोलीत नेऊन कवटाळून रडल्या, ते आम्हाला बाहेर ऐकू आलं. मी चुलीपाशी उगाच भांडी हलवत बसले होते. मला वाटत होतं, ती शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. शिव्या दिल्या असत्या तर मलाही भांडता आलं असतं, आणि भांडताना कदाचित खरं बोलून गेले असते. तिनं भाकरी संपवली. खरकटं ताट स्वतः घासून ठेवलं. मी तिला पोचवायला अंगणाच्या फाटकापर्यंत गेले. पलीकडं रस्त्यावर ग्रेस सायकल धरून उभी होती, आमच्याकडं पाठ करून.

"एस्तर, एक विचारू?" सुमती म्हणाली.

"विचार."

"त्या मंगळवारी तू समद्यांला म्हणालीस, माझ्यासाठी प्रार्थना करा. आत्याबाई म्हणतात, त्या अजून रोज करतात. मला बरं वाटलं ऐकून. तू करतेस का गं?"

टोमणा असता तर मला ओळखू आला असता. टोमण्यांत मी वाढलेय. तो टोमणा नव्हता. लांब निघालेल्या माणसाला मागं कोण आपलं नाव घेतंय ते माहीत करून घ्यायचं होतं, एवढंच. त्या मंगळवारला सहा आठवडे झाले होते. रोज सातला मी गुडघ्यांवर बसत होते. पाऊस मागत होते, अण्णांच्या खोकल्याला उतार मागत होते, टँकर वेळेवर यावा म्हणून मागत होते. सुमतीचं नाव मी देवापुढं एकदाही घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर त्यापुढं माझ्या तोंडून काय निघालं असतं ते मला ठाऊक होतं: ती सुधारो न सुधारो, तिला माझ्याकडं परत पाठव.

"करते की," मी म्हणाले. "रोज."

"मग बरंय," सुमती म्हणाली. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, आणि माझ्यावर विश्वास ठेवून गेली.